दहा वेळा लेन बदलली, वाचले चाळीस सेकंद

सलग तीन दिवसांची सुट्टी आली की मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाची बातमी ठरलेली असते. बोरघाटात गाड्यांच्या रांगा, ड्रोनने वरून घेतलेलं चित्रण आणि खाली 'पर्यटकांचे हाल' अशी पट्टी. ते चित्रण आवाज बंद करून नीट बघा. रांगा सरळ नसतात. कुणी डावीकडून मधल्या लेनमध्ये घुसतोय, कुणी मधून उजवीकडे, तर एखादा कडेच्या आपत्कालीन पट्टीवरून धुरळा उडवत निघालाय. वरून बघताना या घुसाघुशीतून कुणी फार पुढे गेल्याचं दिसत नाही. गाडीत बसलेल्याला मात्र पक्कं वाटत असतं की बाजूची लेन पळतेय आणि आपलीच तेवढी अडकलीय.

मग गर्दीत सारखी लेन बदलल्याने वेळ वाचतो का? वाचतो, पण इतका थोडा की घरी पोहोचल्यावर घड्याळात तो शोधावा लागेल. हा 'थोडा' नेमका किती, ते मोजता येतं आणि त्यासाठी शाळेतला भागाकार पुरतो. लेन बदलणं खरोखर फायद्याचं ठरतं अशाही काही जागा आहेत. त्यांच्याकडे शेवटी येऊ.

एक गाडी म्हणजे दोन सेकंद

एखाद्या पादचारी पुलावर उभं राहून खालच्या एकाच लेनकडे बघा. एक गाडी पुलाखालून गेली की पुढची किती वेळाने येते, ते मोजा. गर्दी भरपूर आहे पण रस्ता वाहतोय, अशा वेळी दोन गाड्यांमध्ये साधारण दोन सेकंद जातात. याहून फार जवळून गाडी हाकणं माणसाला झेपत नाही, कारण पुढच्याचे ब्रेकचे दिवे लागल्यावर आपला पाय ब्रेकवर जायलाच सेकंदभर लागतो. तासाचे ३६०० सेकंद भागिले दोन, म्हणजे एका लेनमधून तासाला १८०० गाड्या. उत्तम महामार्गावर हा आकडा २००० च्या आसपास जातो. एका लेनमधून तासाभरात जास्तीत जास्त जेवढ्या गाड्या जाऊ शकतात, त्याला वाहतूक अभियंते त्या लेनची 'क्षमता' म्हणतात. या लेखापुरता लक्षात ठेवायचा पारिभाषिक शब्द हा एवढाच.

आता समजा, तुम्ही कट मारून एक गाडी मागे टाकली. तुम्ही रांगेत एका जागेने पुढे आलात. त्या जागेची किंमत किती? दोन सेकंद. तुम्ही जी गाडी मागे टाकली ती पुढच्या चौकात तुमच्या मागोमाग दोन सेकंदांनी येईल, आणि कट मारला नसता तर तुम्ही तिच्या मागोमाग दोन सेकंदांनी आला असता. मधे कितीही किलोमीटर असले तरी या हिशेबात फरक पडत नाही.

पुढचा हिशेब सोपा आहे. वीस किलोमीटरच्या गर्दीत तुम्ही दहा वेळा लेन बदलली, दर वेळी दोन गाड्या कमावल्या आणि एकदाही फसला नाहीत, तर एकूण वीस गाड्या, म्हणजे चाळीस सेकंद. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने अडसर उचलायला उशीर केला तरी एवढा वेळ जातो. पाच मिनिटं वाचवायची असतील तर दीडशे गाड्या मागे टाकाव्या लागतील, आणि त्याही निव्वळ. म्हणजे तुम्हाला जेवढ्यांनी मागे टाकलं तेवढ्या वजा करून.

कोंडी फारच घट्ट असेल, गाड्या दोन पावलं चालून थांबत असतील, तर एका गाडीची किंमत तीन-चार सेकंदांपर्यंत जाते. ट्रकची त्याहून जास्त. इंडियन रोड्स काँग्रेसने १९९० मध्ये महामार्गांसाठी दिलेल्या कोष्टकात एक ट्रक किंवा बस तीन कारबरोबर धरली आहे आणि दुचाकी अर्ध्या कारबरोबर. तेव्हा एक भरलेला ट्रक मागे टाकलात तर सहाएक सेकंद कमावलेत असं म्हणता येईल. तरीही पाच मिनिटांसाठी पन्नास ट्रक लागतात!

अडतं कुठे, तर गळ्यात

बरेच जण इथे म्हणतील की मी नुसत्या गाड्या मागे टाकत नाही, मी वेगाने जातो. मोकळ्या रस्त्यावर हे खरं आहे. ९४.५ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग ताशी ८० ने गेलात तर ७१ मिनिटं लागतात आणि १०० ने गेलात तर ५७. म्हणजे १४ मिनिटांचा फरक, आणि तो खरा फरक आहे. पहाटे पाचला निघालेल्या माणसाने समोरचा रेंगाळणारा टेम्पो ओलांडला तर त्याचा वेळ नक्की वाचतो. पण गर्दीत तुमचा वेग तुमच्या हातात राहत नाही. तो पुढे कुठेतरी दोन-चार किलोमीटरवर ठरत असतो.

मोठ्या डब्यातलं खोबरेल तेल नरसाळ्यातून बाटलीत ओतताना बघा. वरच्या रुंद भागात तेल साठतं, पण बाटलीत किती वेगाने उतरायचं हे खालची बारीक नळी ठरवते. वर कितीही ढवळलं तरी नळीतून पडणारी धार तेवढीच राहते. फार तर कुठला थेंब आधी उतरणार आणि कुठला नंतर, एवढंच बदलतं. रस्त्यावर अशी नळी किंवा गळा म्हणजे पुलाचं अरुंद तोंड, मेट्रोच्या कामासाठी लावलेले पत्रे, बंद पडलेला ट्रक किंवा दोन रस्ते एकत्र येतात ती जागा.

बोरघाटातली नळी तर कागदावरच दिसते. सहापदरी द्रुतगती मार्ग आणि चारपदरी जुना मुंबई–पुणे महामार्ग आडोशी बोगद्याजवळ एकत्र येतात आणि खंडाळ्याच्या बाजूला पुन्हा वेगळे होतात. मधल्या पट्ट्यात दोन्हींची वाहतूक सहा पदरांवर चालते. एका दिशेचा विचार केला तर पाच लेनची गर्दी तीन लेनमध्ये कोंबली जाते, तीही चढावर, जिथे भरलेला कंटेनर पहिल्या गिअरमध्ये कण्हत असतो. १८३० मध्ये बांधलेला अमृतांजन पूल २०२० च्या टाळेबंदीत पाडला, तो याच पट्ट्यातला अडथळा दूर करायला. खोपोली ते कुसगाव ही १३ किलोमीटरहून थोडी लांब 'मिसिंग लिंक' आखली, ती हाच पट्टा टाळायला. सरकारने हजारो कोटी ओतले ते नळी रुंद करण्यासाठी. नळीच्या वर, म्हणजे खालापूरच्या टोलनाक्यापासून पुढे, तुम्ही डावी-उजवी केल्याने तिच्यातून तासाला जाणाऱ्या गाड्यांमध्ये एकाचीही भर पडत नाही. तुमचा क्रमांक तेवढा चार-दोन जागांनी इकडेतिकडे होतो, आणि एका जागेचे दोन सेकंद.

मग बाजूचीच लेन का पळते?

टोरांटो विद्यापीठातले डॉक्टर डोनाल्ड रेडेलमायर आणि स्टॅनफर्डचे संख्याशास्त्रज्ञ रॉबर्ट तिबशिरानी या दोघांनी याच प्रश्नावर १९९९ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत छोटासा शोधनिबंध लिहिला. त्यांनी संगणकावर दोन लेन तयार केल्या. दोन्हींचा सरासरी वेग सारखा. तरीही त्यातल्या काल्पनिक चालकाचा जास्त वेळ 'मला मागे टाकलं जातंय' या अवस्थेत जात होता. मग त्यांनी गर्दीच्या रस्त्यावर चालत्या गाडीतून शेजारच्या लेनचं चित्रण केलं आणि गाडी शिकणाऱ्यांना दाखवलं. शेजारची लेन प्रत्यक्षात किंचित हळू होती. तरी सुमारे ७० टक्के लोकांना ती जास्त वेगवान वाटली आणि ६५ टक्के म्हणाले की संधी मिळाली तर आम्ही तिकडे जाऊ.

यात डोळ्यांपेक्षा जास्त दोष हिशेबाचा आहे. तो असा. उभी असलेली गाडी, पुढच्या मोकळ्या जागेसकट, साधारण सात मीटर रस्ता व्यापते. चालती गाडी जास्त व्यापते, कारण अंतर ठेवावं लागतं. ताशी १८ किलोमीटरला धरू पंधरा मीटर. तुमची लेन चालू आणि बाजूची उभी असेल तर तुम्ही सेकंदाला पाच मीटर जाता, म्हणजे दर सेकंद-दीड सेकंदाला एक गाडी मागे पडते. वीस गाड्या २८ सेकंदांत संपतात. थोड्या वेळाने तुमची लेन थांबते आणि बाजूची चालू होते. त्याच वीस गाड्या आता एकमेकींपासून अंतर ठेवून तुमच्या शेजारून जातात, दर तीन सेकंदांना एक. त्यांना पूर्ण मिनिट लागतं. गोळाबेरीज शून्य, त्याच गाड्या, तुम्ही पुन्हा तिथेच. पण जिंकलात २८ सेकंद आणि हरलात ६० सेकंद. मनात उरतं ते हरलेलं मिनिट.

त्यात ज्यांना मागे टाकलं त्या गाड्या आरशात लहान होऊन नाहीशा होतात, आणि जी पांढरी स्विफ्ट आपल्याला मागे टाकून गेली ती पुढे काचेतून दिसत राहते, तिच्या मागच्या काचेवरच्या 'आई-वडिलांचा आशीर्वाद'सकट. आणखी एक गोष्ट: आपली लेन चालू असताना आपण पुढे बघतो. थांबली की वेळ मिळतो, तेव्हा बाजूला बघतो. म्हणजे बाजूच्या लेनची तपासणी आपण नेमकी आपण उभे असताना करतो.

इथे एक गंमतशीर उलट बाजूही आहे. स्वीडिश तत्त्वज्ञ निक बॉस्ट्रॉम यांनी २००१ मध्ये मांडलं की हा सगळाच भास नाही. हळू लेनमध्ये गाड्या खेटून असतात, म्हणून तेवढ्याच लांबीत जास्त गाड्या मावतात. तेव्हा कुठल्याही क्षणी रस्त्यावरचे बहुसंख्य चालक हळू लेनमध्येच असणार, आणि त्यांना बाजूची लेन जास्त वेगाने जाताना दिसणार. 'माझीच लेन नेहमी हळू का' याचं खरं उत्तर 'कारण तिथेच जास्त लोक असतात' असं आहे. पण त्या क्षणी ती हळू आहे, यावरून पुढच्या पाच मिनिटांत ती हळूच राहील असं ठरत नाही.

फरक पडतो, पण टिकत नाही

दोन लेनमध्ये फरक पडला की काय होतं? तुम्हाला दिसतो तसा तो इतरांनाही दिसतो. उजवी लेन जरा मोकळी झाली की डावीकडचे आठ-दहा जण तिकडे घुसतात. उजवी भरते, डावी रिकामी होते, आणि मिनिटभरात दोन्ही सारख्याच रडत चालतात. लेन बदलणारेच लेनमधला फरक मिटवतात. त्यामुळे जो तुमच्यासारखा चपळ नाही, मधल्या लेनमध्ये गाणी ऐकत बसलाय, त्यालाही तुमच्या चपळाईचा फायदा फुकट मिळतो. इंडिकेटर देणं, आरशात बघणं, मागच्याच्या शिव्या खाणं, हे काम तुम्ही केलंत. त्याने नुसतं क्लच-ब्रेक केलं.

शिवाय तुम्ही ज्या क्षणी निर्णय घेता, तो नेमका उशिराचा क्षण असतो. लेन चांगली धावताना दिसली, मग फट शोधली, मग घुसलात. तोवर ती धावून झालेली असते.

एक कट, आणि मागे ब्रेकचे दिवे

आतापर्यंत तुमचा हिशेब केला. आता मागच्यांचा करू, कारण लेन बदलण्याचा मोठा खर्च तिथे पडतो.

जपानमध्ये नागोया विद्यापीठाचे युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. २३० मीटर परिघाच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या. सगळ्यांना सांगितलं, ताशी ३० किलोमीटरच्या आसपास चालवा, पुढच्यापासून नीट अंतर ठेवा. सिग्नल नाही, खड्डा नाही, लेन एकच. थोड्याच वेळात कुणाचा तरी वेग किंचित कमी झाला, मागच्याने जरा जास्त ब्रेक दाबला, त्याच्या मागच्याने आणखी जास्त, आणि काही गाड्या चक्क उभ्या राहिल्या. पुढच्या गाड्या सुटत होत्या, मागच्या येऊन अडकत होत्या, आणि ती कोंडी स्वतःच ताशी साधारण २० किलोमीटरने उलट दिशेला सरकत होती. विनाकारण लागलेला जॅम आपण सगळ्यांनी पाहिलाय: दहा मिनिटं रखडल्यावर पुढे काहीतरी झालं असेल म्हणून मान लांब करून बघतो, तर रस्ता मोकळा.

तिथे एवढं व्हायला चालकांचे बारीक चढउतार पुरले. आता दोन गाड्यांच्या मधे बोनेट घुसवणाऱ्याची कल्पना करा. मागच्याला ब्रेक दाबावाच लागतो, कारण त्याचं दोन सेकंदांचं अंतर एका झटक्यात एक सेकंद झालं. भरलेल्या लेनमध्ये हा ब्रेक मागे मागे वाढत जातो. तुम्ही कमावलेले दोन सेकंद तिथे कितीतरी जणांकडून थोडे थोडे वसूल होतात, तुम्हाला ते दिसत नाहीत कारण तुम्ही पुढे गेलेले असता.

दुसरा तोटा आणखी लपलेला आहे. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले होर्हे लावाल आणि कार्लोस डॅगांझो यांनी २००६ मध्ये तो मांडला. हळू लेनमधला माणूस जेव्हा जोरात चाललेल्या लेनमध्ये शिरतो, तेव्हा त्याचा वेग कमी असतो आणि तो वाढवायला त्याला काही सेकंद लागतात. तेवढ्या वेळात त्याच्या पुढची गाडी निघून जाते आणि मधे एक रिकामी जागा पडते. ती जागा पुन्हा भरत नाही; तशीच नळीतून निघून जाते. रिकामी जागा म्हणजे वाया गेलेली क्षमता. गळ्याच्या तोंडाशी अशा रिकाम्या जागा पडत राहिल्या की तिथून सुटणाऱ्या गाड्याच कमी होतात. रांग लागल्यावर अशा जागी क्षमता पाच-दहा टक्क्यांनी घटते, हे जगभर मोजलं गेलंय. दहा टक्के म्हणजे लेनमागे तासाला १८० गाड्या. सगळ्यांनी मिळून नरसाळ्याची नळीच थोडी बुजवायची, असा हा प्रकार.

आणि एखादा कट चुकला, आरसा आरशाला किंवा दार बंपरला घासलं, तर दोन्ही चालक उतरून भर रस्त्यात पंचनामा सुरू करतात. तीनपैकी एक लेन बंद. घाटात कडेची आपत्कालीन पट्टी हुशार मंडळींनी आधीच भरलेली असते, त्यामुळे क्रेन आणि रुग्णवाहिका दोन्ही मागे अडकतात. रांगेत घुसणाऱ्यांपेक्षा मला त्या पट्टीवरून जाणाऱ्यांचा जास्त राग येतो.

दंडाचंही सांगून टाकतो. लेनचे नियम केंद्राच्या २०१७ च्या वाहनचालन नियमावलीत आहेत आणि ते मोडल्यास २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १७७ अ खाली ५०० ते १००० रुपये दंड आहे. द्रुतगती मार्गावर लेन कटिंग टिपणारे कॅमेरेही बसलेत. वाचलेल्या चाळीस सेकंदांना पाचशे रुपये, असा भाव पडतो.

'पण मी तर रोज लवकर पोहोचतो'

असं सांगणारा माणूस प्रत्येक ऑफिसात असतो आणि तो खोटं बोलत नसतो. त्याला ते दिवस आठवतात जेव्हा जमलं. शिवाय तो बहुधा इतर बाबतीतही घाई करतो: पिवळ्या दिव्याला निघतो, मोकळा रस्ता मिळाला की पाय दाबतो. त्याचे काही मिनिट तिथून येतात.

पण त्याच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे, तो सिग्नलचा. सिग्नलवर वेळ दोन-दोन सेकंदांनी वाढत नाही, उडी मारते. समजा फेरा १२० सेकंदांचा आहे आणि ४० सेकंदांच्या हिरव्या दिव्यात एका लेनमधून वीस गाड्या सुटतात. तुम्ही एकविसावे असाल तर एक गाडी मागे टाकल्याने अख्खा लाल दिवा, ८० सेकंद वाचतात. पण तुम्ही आठवे असाल तर पाचवे होऊन फक्त सहा सेकंद मिळतात. आपण एकविसावे आहोत की आठवे, हे मागून दिसत नाही. तीन गाड्या मागे टाकल्या तर आधीचा फेरा मिळण्याची शक्यता वीसात तीन, म्हणजे सरासरीने १२ सेकंद, आणि तीन जागांचे नेहमीचे सहा धरून १८. हे आधीच्या हिशेबापेक्षा बरं आहे, नाकारत नाही. फक्त पुढचा सिग्नल यापेक्षा वाईट असेल तर ही कमाई तिथे जमा होते आणि ज्याला मागे टाकलं तो मागून येऊन शेजारी उभा राहतो. शहरात असंच होतं, कारण शहरात एक चौक बाकीच्यांपेक्षा जास्त तुंबलेला असतो. हिंजवडीत रोज जाणाऱ्याला त्याचं नाव सांगायला नको.

पटत नसेल तर स्वतः करून बघण्यासारखं आहे. गर्दी सुरू होते तिथे शेजारची एखादी सहज ओळखू येणारी गाडी हेरा, एसटी नको, ती थांब्यावर थांबेल. एखादा रंगीबेरंगी टेम्पो उत्तम. तो कुठल्या लेनमध्ये रमलाय हे लक्षात ठेवा आणि तुम्ही हवं तसं चालवा. गर्दी संपते तिथे तो किती मागे आहे ते मिनिटांत मोजा.

'आपल्याकडे लेन आहेतच कुठे?'

हा आक्षेप मात्र वजनदार आहे. वर सांगितलेला बराचसा हिशेब एकामागे एक चालणाऱ्या गाड्यांचा आहे. पुण्यात कर्वे रस्त्यावर किंवा ठाण्यात घोडबंदरला संध्याकाळी रंगवलेल्या पट्ट्या फक्त रंगवणाऱ्यालाच माहीत असतात. तीन लेनच्या जागेत दोन बस, एक रिक्षा आणि मधल्या फटींमध्ये दुचाक्या.

दुचाकीवाल्याचा वेळ खरंच वाचतो. तो एका रांगेतून दुसऱ्या रांगेत जात नाही. गाड्यांच्या मधून पाझरत तो थेट सिग्नलच्या पांढऱ्या रेषेपर्यंत पोहोचतो. त्याने एका वेळी पन्नास गाड्या मागे टाकल्या, आणि आपण पाहिलं की गाड्या मोठ्या संख्येने मागे टाकल्या तरच मिनिटं वाचतात. धोका आणि धूर त्याच्या वाट्याला येतो, पण वेळेचा हिशेब त्याच्या बाजूने आहे.

घोटाळा होतो तो चारचाकीवाला दुचाकीची नक्कल करायला जातो तेव्हा. पावणेदोन मीटर रुंदीची गाडी फटीतून पाझरत नाही. ती तिरकी अडकते, दोन रांगांच्या मधे, आणि दोन्ही रांगा थांबवते. रिक्षा या दोघांच्या मधली आहे: चिंचोळी, लहान वळणाची. रिक्षावाला अर्धी जागा बघून घुसतो आणि बहुतेक वेळा निभावून नेतो. त्याच्यामागोमाग तीच फट बघून घुसणाऱ्या एसयूव्हीचं काय होतं, ते रोज दिसतं.

मग बदलायची कधी?

फरक टिकाऊ असेल तेव्हा. घाटात डावीकडच्या लेनमध्ये अवजड वाहनं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढतात, तो फरक मिनिटभरात मिटणारा नाही. तिथे कारने वेळेत मधल्या लेनमध्ये जाणं हेच बरोबर, आणि नियमही तेच सांगतो. उजवीकडच्या, ओव्हरटेकसाठीच्या लेनमध्ये ताशी ४० ने ठाण मांडलेला कंटेनर असेल तर लोक डावीकडून जाणारच. तिथे दोष कंटेनरचा. डावी लेन बसथांब्यांनी, वडापावच्या गाडीपुढे उभ्या केलेल्या गाड्यांनी रोज अडते हे माहीत असेल तर आधीच सोडावी. ज्या फाट्याला वळायचं त्याच्या दोन किलोमीटर आधी त्या बाजूला यावं, म्हणजे शेवटच्या क्षणी तीन लेन आडव्या कापाव्या लागत नाहीत. हे सगळे एकदाच घ्यायचे निर्णय आहेत.

टोलनाक्यावर तर निवड करावीच लागते, आणि तिथे बरेच जण उलटं करतात. लांब रांग टाळतात. पण फास्टॅगच्या मार्गिकेत वेळ लागतो तो वाहनामागे. कार असो वा ट्रक, टॅग वाचायला सारखाच. पाच ट्रकची रांग बारा कारच्या रांगेएवढी लांब दिसते, आणि ट्रक सुटायला थोडे मंद असले तरी बाराच्या आधी पाच संपतात. रांग मीटरमध्ये न बघता वाहनं मोजावीत.

राहिली ती जागा जिथे लेन संपतेच: पत्रे लावलेत, दोनाची एक झालीय. इथे आपल्याकडे एक विचित्र नीतिमत्ता आहे. सभ्य माणसं अर्धा किलोमीटर आधीच चालू लेनमध्ये येऊन रांग लावतात, आणि रिकाम्या लेनमधून शेवटपर्यंत गेलेल्याला शिव्या देतात. जर्मनीच्या वाहतूक नियमांत नेमकं उलट लिहिलंय. दोन्ही लेन शेवटपर्यंत वापरायच्या आणि अगदी तोंडाशी येऊन एका बाजूची एक, दुसऱ्या बाजूची एक अशा गाड्या सोडायच्या. नळी तेवढीच असल्याने कुणी फार आधी पोहोचत नाही. पण रांग दोन लेनमध्ये विभागली गेल्याने तिची लांबी जवळपास निम्मी होते आणि तिचं शेपूट मागच्या चौकात जाऊन तो अडवत नाही. दोन्ही लेन सारख्याच भरलेल्या असल्या की कट मारण्यातही काही मिळेनासं होतं. हे जमायला प्रत्येकाने बरोबर एका गाडीला वाट द्यावी लागते. आपल्याकडे पुढच्याच्या डिकीला बोनेट चिकटवून ती वाट बुजवण्याची चढाओढ असते, म्हणून मग उन्हात एक वाहतूक हवालदार उभा करावा लागतो. तोही शिट्टी वाजवत हातवारे करून दिवसभर तेच करतो: इकडची एक, तिकडची एक.